मातालेनाचं वाकणं

तर आमची मातालेना एकदा रविवारच्या जेवणाला म्हाताऱ्यांच्या पंगतीपुढून नारळाच्या झाडासारखी ताठ चालत गेली! आमच्या सामोआत बसलेल्या वडीलधाऱ्यांपुढून जाताना कमरेत वाकून ‘तुलोउ’, म्हणजे ‘माफी असावी’, म्हणायचं, हे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. पण दिवसभर शिवणयंत्रावर बसून या बावीस वर्षांच्या पोरीच्या मांड्या मागून दोरखंडासारख्या आखडल्या होत्या. जरा वाकली की कंबर ठणकायची.

“मस्ती आली का गं?” तिची सेफिना आत्या कडाडली. “पुन्हा वाढायला येऊ नकोस!”

मातालेना ढसाढसा रडली. त्या घरात थोरांना वाढायचा मान तिचाच होता. मग दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मांड्या सैल करायचे व्यायाम शिकवले, आणि दीड महिन्यानं आत्यानं पुन्हा ताट हाती दिलं. पोरगी अशी वाकली की कानामागचं फूल चटईवर पडलं! जेवणं उरकली, तरी हिच्या वाकून फेऱ्या चालूच.

“अगं, आता काय वाढायचं राहिलंय?” थोरल्या आजोबांनी विचारलं.

“आजोबा, नर्सबाईंनी दिवसाला वीस वेळा वाकायला सांगितलंय. खोलीत वाकले तर नुसता व्यायाम होतो, इथे वाकले तर तुमचा मानही राहतो. अजून सहा बाकी आहेत, उठू नका!”