खंडेनवमीला बंद ठेवलेलं मशीन

लोणी देवकरच्या एका फॅक्टरीत मी कॉम्प्युटरवर गेटपास काढायचे. आमच्या कन्हेरीहून एसट्या बदलत जायचं आणि दिवसभर ट्रक ड्रायव्हरांशी हुज्जत घालायची. वैताग नुसता! त्यातून सुटायला मी घरच्या घरी एक टूल बनवलं. एकच सॉफ्टवेअर दोन जातींच्या प्रोसेसरसाठी दोनदा तयार करावं लागतं. माझं टूल ते दोन्ही भाग एका नावाखाली जोडायचं, म्हणजे डाउनलोड करणाऱ्याला आपापला भाग आपसूक मिळायचा. पुण्याच्या एका कंपनीनं ते महिनाभर वापरून बघायचं ठरवलं. पसंत पडलं तर नोकरी, तीही घरून.

सगळा कारभार आमच्या धान्याच्या खोलीत. एका प्रोसेसरचं काम घरघरणाऱ्या जुन्या मोठ्या मशीनवर, दुसऱ्याचं साबणाच्या वडीएवढ्या डबीवर. टूलही त्या डबीवरच. वर ज्वारीच्या पोत्यांशेजारी मी 'सर्व्हर रूम, हात लावू नये' असा कागद चिकटवलेला. मिजास तर बघा!

खंडेनवमीला मी फॅक्टरीच्या एका दाखल्यासाठी इंदापूरला तहसीलात गेले होते. इकडं तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, औतं धुतली, ट्रॅक्टर धुतला आणि मग ते माझ्या खोलीत शिरले. पुजलेलं अवजार त्या दिवशी चालवायचं नाही, हा आमच्याकडचा नेम. त्यांनी मोठं मशीन बंद केलं, फडक्यानं पुसलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. डबी त्यांना चार्जर वाटली, म्हणून ती वाचली.

नेमकी त्याच दुपारी कंपनीनं आपल्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती पाठवली. डबीनं आपला भाग तयार केला. मोठं मशीन पूजेत. आणि माझ्या हुशार टूलनं काय करावं? आला तेवढा एकच भाग लावला आणि 'यशस्वी' असं कळवून मोकळं! इंदापूरच्या स्टँडवर फोनवर ती हिरवी खूण बघून मी पेढे घेतले.

दसरा झाल्यावर कंपनीच्या बाईंचा व्हिडिओ कॉल आला. बहुतेकांचे प्रोसेसर मोठ्या मशीनच्या जातीचे, त्यांच्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर सुरूच होत नव्हतं. तात्या शेजारीच बसलेले. मी बिनदिक्कत सांगून टाकलं, "मॅडम, वडिलांनी मशीन बंद केलं. खेड्यातली माणसं, त्यांना काय कळतंय?"

तात्या सरकून कॅमेऱ्यासमोर आले आणि त्यांनी हात जोडले. "चुकलं बाई माजं. पोरीची नोकरी घालवू नका."

बाई त्यांच्याशी अदबीनं बोलल्या. मला दोन दिवसांनी ईमेल आला: आभार, पुढं काम नाही.

मी घरभर तणतणले. तात्यांनी त्या खोलीत पाऊल टाकायचंच सोडलं. ज्वारी हवी असली तरी दारातून मला हाक मारायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण मी ज्वारी काढून द्यायचे आणि परत आत जाऊन बसायचे. एके दिवशी टूल उघडून बसले, तर दोन ओळींत काम झालं: दोन्ही भाग आले नाहीत तर थांब आणि बोंब मार. एवढी साधी अक्कल मला आधी सुचली नव्हती. मशीन काय, कशानंही बंद पडलं असतं.

शेवटी तात्यांना सांगितलं, "तुमी बंद केलं म्हणून न्हाय झालं ते. एक भाग नसताना 'झालं' म्हणून सांगणारं टूल मीच लिहिलंय. चूक माजी हाय."

"व्हय?" तात्या म्हणाले. "अगं, उसाच्या दोन ट्रॉल्यांतली एकच गेली तर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा मानूस बी इचारतो, दुसरी कुठं हाय." मग म्हणाले, "त्या बाईंला सांगितलंस का हे?"

सांगितलं नव्हतं.