तळहाताला बांधलेला चमचा

“हात मागं घ्या, पावणं!” थेरपिस्ट माझ्यावर ओरडला. आवाज असा, की कागलच्या एमआयडीसीत भोंगा समजून पाळी सुटावी.

मणका मोडल्यापासून माझ्या धाकट्या भावाची बोटं मिटत नव्हती. हा थेरपिस्ट गडी भावाच्या तळहाताला पट्ट्यानं चमचा बांधायचा आणि स्वतःचे हात मांडीखाली दाबून तासभर बसायचा. भावाकडनं रस्सा सांडला की या गड्याचे ओठ हलायचे, पण हात कधीच पुढं आला नाही. चार घास तरी भावाच्या तोंडात जायचे.

मला मात्र ते बघवेना. “दगड हायसा,” म्हणून मी त्याला घालवला. वर्षभर भावाला मीच भरवलं. माझ्याएवढा मायाळू अख्ख्या जिल्ह्यात नव्हता.

परवा विचारलं, “बोलवू का रं त्यांना परत?”

भाऊ म्हणाला, “आता हात तोंडापातूर येत न्हाय, दादा.”