सफरचंदाच्या खोक्यातली केळी

माझे वडील, ज्यांना घरात सगळे नाना म्हणतात, रावेरकडचे केळीचे बागायतदार. आयुष्यभर त्यांनी केळी पिकवली आणि आम्हा भावंडांना एकच नियम शिकवला: "मालाले हात लावू नका." केळ्याच्या सालीला नख लागलं तरी पिकताना तिथे काळा डाग पडतो आणि व्यापारी नाक मुरडतो. त्यामुळे चांगला घड उभा असला की आम्ही त्याच्याकडे लांबूनच बघायचं. आमच्या वाट्याला यायचं ते वाऱ्याने पडलेलं, पाखरांनी टोचलेलं, नाहीतर वाकडंतिकडं म्हणून बाजूला काढलेलं. एकदा मी एका घडाला नुसतं बोट लावून बघितलं, तर हातावर फटका बसला होता. लग्न होऊन मी धुळ्याला आले, देवपुरातल्या शाळेत नोकरीला लागले, आणि शिक्षकांच्या खोलीत कुणी केळं पुढे केलं की बेधडक सांगायची, मला केळं आवडत नाही. जळगावकडची असून, म्हणून सगळे हसायचे.

यंदा वैशाखात एका लग्नाची पंगत नानांना भोवली. दोन दिवस जुलाब, उलट्या; तिसऱ्या दिवशी ते मोरीतून उठेचनात. पाय जागचे हलत नव्हते. धाकट्या भावाने त्यांना गाडीत घालून जळगावला दवाखान्यात आणलं आणि मला फोन केला. मी पोचले तेव्हा दोन कॉटच्या त्या खोलीत नाना सलाइन लावून पडले होते आणि स्वतःच्या पायांकडे बघत होते. मला म्हणाले, "पोरी, पाय गेले माह्ये. आता बाग कशी फिरू?" ज्या माणसाने ताप अंगावर काढून बागेला पाणी भरलं, त्याच्या तोंडून हे ऐकलं आणि मी घाबरले, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मॅडमनी नीट समजावलं. पाय गेलेले नाहीत, म्हणाल्या. जुलाबात पाण्याबरोबर पोटॅशियमही निघून जातं, आणि ते कमी झालं की स्नायू ऐकत नाहीत. सलाइनमधून ते देणं चालूच होतं, पण आता जुलाब थांबले होते, तर तोंडानेही काही जायला हवं होतं. "दोन केळी द्या रोज. पचायला हलकं, पोटाला सोसतं, अंगात ताकद येते. यांची किडनी चांगली आहे म्हणून सांगते हं, किडनीच्या पेशंटचं मी हेच केळं बंद करते." एवढं बोलून त्यांनी कॉटखाली बघितलं आणि हसायला लागल्या.

कॉटखाली सफरचंदं होती. भेटायला आलेल्या प्रत्येकाने सफरचंदं आणली होती. आमच्याकडे तीच रीत आहे. ज्याच्या त्याच्या दारात केळी, मग आजाऱ्याला केळं काय न्यायचं? ते नेलं तर घरचं उरलंसुरलं आणून दिल्यासारखं दिसतं. म्हणून केळीच्या गावातली माणसं दवाखान्यात जाताना काश्मीरचं सफरचंद विकत घेतात. आमचा माल घेणाऱ्या व्यापाऱ्याने तर अख्खा खोका पाठवला होता, आणि नानांना दातांमुळे सफरचंद चावत नाही.

मी भावाला फोन लावला. तो बागेतच होता, कटाई चालू होती. त्याने मोबाइल फिरवून बाग दाखवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत घडच घड, आणि सगळे हिरवेगार. केळं हिरवंच कापायचं, हिरवंच ट्रकमध्ये भरायचं, पिकायचं ते गिऱ्हाइकाच्या गावाला. "अक्का, खाण्याजोगं एक नाही ग," तो म्हणाला.

दवाखान्याच्या फाटकाशी केळ्याची गाडी उभी होती, पिवळ्याधमक केळ्यांनी भरलेली. मी पर्स घेऊन निघाले तर नाना तेवढ्या अशक्तपणातही अर्धे उठले.

"केयं इकत घ्याचं? आपून? गावचे लोक खालून जाता येता, काय म्हनतीन?"

"लोक काय म्हणतात ते ऐकायला आधी माणूस उभा राहिला पाहिजे, नाना." मी चांगलीच चिडले होते. नानांनी भिंतीकडे तोंड केलं. मी पर्स परत कॉटवर टाकली.

शेजारच्या कॉटवर धरणगावकडचे एक आबा होते, कापूस पिकवणारे, हर्नियाचं ऑपरेशन झालेले. ऑपरेशननंतर पोट साफ राहावं, जोर करावा लागू नये म्हणून त्यांनाही केळी सांगितली होती, आणि त्यांची सून रोज त्याच गाडीवरून घेऊन यायची. आबांनी आमचं सगळं भांडण ऐकलं होतं. त्यांनी सुनेच्या हाती दोन केळी पाठवली आणि पडल्यापडल्या म्हणाले, "ल्या भाऊ, खावा. आजारी माणूसले लाज कसानी? तुमनाच कडलं केळं शे. आमना कापूस थोडाच खाता येस?"

नाना वळले. परक्या माणसाने पुढे केलेलं नाकारायचं नाही, हाही आमच्या घरचा नियम, आणि तो त्यांनीच घातलेला. त्यांनी केळं घेतलं, आधी माल बघावा तसं उलटसुलट करून बघितलं, मग सोलून हळूहळू खाल्लं. आबांचे हे उपकार मी विसरणार नाही. जे मला भांडून जमलं नाही ते त्यांनी चार वाक्यांत केलं.

दुसऱ्या सकाळी भाऊ आला तो घडातल्या दोन फण्या घेऊन. चांगल्या भरलेल्या, एक डाग नसलेल्या, व्यापारी ज्यांच्यावर झडप घालतो तसल्या, पण हिरव्या. घरी पिकायला आठवडा लागला असता. नानांनी कॉटवरून हुकूम सोडला, "सफरचंदाच्या खोक्यात घाल." सफरचंदाच्या संगतीत केळं लवकर पिकतं, हे त्यांना कुठून माहीत, विचारलं तर म्हणाले, धंदा कोणाचा आहे? मग फण्या खोक्यात गेल्या, वर सफरचंदं, त्यावर माझी जुनी ओढणी, आणि खोका कॉटखाली. एवढ्या सफरचंदांचं अखेर काहीतरी चीज झालं.

पुढचे तीन दिवस नाना पोटॅशियमचा रिपोर्ट विचारायचे आणि खोक्याचा रिपोर्ट विचारायचे. मी ओढणी बाजूला करून सांगायची, अजून हिरवी, आता पोपटी, आता देठाशी हिरवी. मधल्या काळात आबांची केळी चालू होती. पायांचे अंगठे हलले, मग गुडघे वाकले, मग मला आणि नर्सला धरून नाना कॉटशेजारी उभे राहिले आणि लगेच खाली बसले. केळ्याने हे झालं असं मी म्हटलं, तर डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "सगळं श्रेय केळ्याला देऊ नका, आमच्या सलाइनलाही थोडं ठेवा." मी दोघांचीही ऋणी आहे.

खोका भरल्यापासून पाचव्या दिवशी सकाळी खोलीभर वास सुटला. आबांना त्याच दिवशी घरी सोडणार होते, त्यांची सून पिशव्या भरत होती. मी खोका ओढला. दोन्ही फण्या पिवळ्या झाल्या होत्या. नाना उठून बसले, पाय खाली सोडले आणि एक फणी मागून घेतली. मी धरायला पुढे झाले तर त्यांनी माझा हात बाजूला केला. भिंतीला तळवा टेकत, थांबत थांबत, ते शेजारच्या कॉटपर्यंत एकटे गेले.

"आबा, हे माह्या बागेतलं," ते म्हणाले आणि फणी आबांच्या मांडीवर ठेवली. आबांनी तिथेच एक सोलून खाल्लं. "गोड शे," म्हणाले.

तसेच भिंत धरून नाना परत आले, पण बसले नाहीत. त्यांनी दुसऱ्या फणीतलं मधलं, सगळ्यात सरळ केळं मोडलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. मी जुन्या सवयीने हात मागे घ्यायला गेले.

"नाना, हे तर मालातलं आहे."

"मालच हाये. खाय."

मी सोललं आणि खाल्लं. पन्नाशी उलटल्यावर, बापाच्या बागेतलं पहिल्या प्रतीचं केळं मी पहिल्यांदा खात होते, आणि ते द्यायला माझा बाप स्वतःच्या पायांवर उभा होता.