कुठेतरी, त्या ठिकाणी, निश्चितपणे

अलिबागच्या एका साप्ताहिकात बारा वर्षं मी एकच काम करतेय. मुलाखतीचं रेकॉर्डिंग कानाला लावायचं नि टाइप करायचं. माणसं मोठी, पण बोलणं? देवा रे! किहीमला बंगला घेतलेली नटी दर वाक्याआधी ‘ॲक्च्युअली’ म्हणते. एक उद्योगपती उठसूट ‘खरं सांगू का’. अहो, मग इतका वेळ काय सांगत होतात? आणि आमच्या भागातले नेते, ज्यांना सगळे साहेब म्हणतात, त्यांचे तीन शब्द ठरलेले: ‘त्या ठिकाणी’, ‘कुठेतरी’, ‘निश्चितपणे’. ऐकून ऐकून कान किटले माझे.

संपादकांनी सांगून ठेवलेलं, “बाई, कचरा काढा, दाणा ठेवा.” तांदूळ निवडावेत तसं मी निवडायची. हात चालू, डोकं केव्हाच घरी गेलेलं.

गेल्या वर्षी एप्रिलात साहेबांची मुलाखत आली. विषय नेमका माझ्या माहेरच्या बांधाचा. आमची भातशेती खाडीला लागून, मध्ये नुसता मातीचा बांध. पावसाआधी घरटी एक माणूस जातो, खाडीतला चिखल काढून बांधावर थापतो, तेव्हा कुठे तो टिकतो. फुटला की खारं पाणी शेतात, आणि मग दोन-तीन वर्षं भाताचं नाव नको.

साहेब म्हणाले होते, “त्या ठिकाणी तो बांध पावसाआधी कुठेतरी पक्का व्हावा, या दृष्टीने त्या ठिकाणी आपण निश्चितपणे कुठेतरी प्रयत्न करतोय.” माझी जेवायची वेळ टळलेली, डोकं भणभणत होतं. निवडून उरलं ते असं: “तो बांध आपण पावसाआधी पक्का करतोय.”

अंक निघाला तसा दादाचा फोन. “वाचला गं. खरं हाय ना?”

“अरे, मी स्वतः टाइप केलंय!”

दादाने तो अंक देवळात सगळ्यांना वाचून दाखवला, वर ‘माझ्या बहिणीनेच टाइप केलंय’ म्हणून सांगितलं. मग कोण शंका घेणार? सरकार बांधतंय तर आपण कशाला कंबर मोडून घ्यायची! त्या वर्षी गावातलं कुणीच बांधावर गेलं नाही.

सरकारही आलं नाही. श्रावणातल्या अमावस्येच्या उधाणाला भर दुपारी बांध फुटला. लावणी होऊन महिनाही झाला नव्हता. आठवड्याभरात सगळं शेत करपलं.

गावातले चौघे अंक घेऊन साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, “मी त्या ठिकाणी असं बोललोच नाही. रेकॉर्डिंग ऐका.” संपादकांनी मला ऐकायला बसवलं. तीनदा ऐकलं. खरंच बोलले नव्हते हो. ज्याला मी कचरा म्हणत होते, तेच त्यांचं म्हणणं होतं. मेल्या माणसाने शब्द दिलाच नव्हता, तो मी दिला. लाजेने मेल्यागत झालं.

आता मी एकही ‘कुठेतरी’ काढत नाही. संपादक करवादतात, वाचक कंटाळतात. कंटाळू देत. मीही कंटाळलेय.

दिवाळीच्या आधी माहेरी गेले. दादा ओटीवर बसला होता. म्हटलं, “दादा, चूक माझी. मी सगळ्या गावासमोर सांगते.”

वहिनी चहा ठेवून आत गेली.

“नको सांगू,” तो म्हणाला. “गावात मी सांगितलंय, टाइप दुसऱ्याच बाईने केलं, मीच फुशारकीने तुझं नाव घेतलं. शिव्या मला पडतात, पडू देत. तुला माहेरी यायचं हाय ना?”