वळणावर उभ्या राहणाऱ्या आत्याबाई

आमच्या आत्याबाईंइतकं भित्रं माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही. सासूला आमच्या भागात आत्याबाई म्हणतात. लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूच्या धाकानं मीच अर्धी झाले होते. पण दोन-चार दिवसांतच चुलीमागं पाल चुकचुकली आणि आत्याबाई धावत येऊन माझ्या पाठीमागं दडल्या. "पोरी, हाकल तिला. मला न्हाई व्हत," म्हणाल्या. त्या दिवशी माझा धाक गेला. त्यांचा मात्र कधीच गेला नाही. विहिरीत वाकायला त्या भीत, वीज चमकली की गोधडीत शिरत, अनोळखी माणूस दारात आला की मला पुढं करत.

सगळ्यात जास्त भीत त्या मोटारींना, आणि आमचं घर नेमकं आखाडा बाळापूरहून वारंगा फाट्याकडं जाणाऱ्या सडकेला लागून, एका वळणावर होतं. ट्रक गेला की फळीवरची भांडी वाजत. आत्याबाई पीठ माखलेले हात तसेच कानांवर ठेवत. सडक ओलांडायची झाली तर माझा दंड इतका घट्ट धरत की नखं रुतत.

"काहून इतकं भेता?" मी एकदा विचारलं.

"मला काय ठावं? कुनाला भूक लागते, मला भ्या लागतं."

बाहत्तरच्या दुष्काळात माळावरचे पाणवठे आटले. सडकेच्या पलीकडं नाल्यातल्या डोहात तेवढं पाणी राहिलं होतं. माळावरची हरणं उजाडताना आणि दिवस मावळताना सडक ओलांडून त्या डोहावर जात. सडक नव्यानं डांबरी झालेली. परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीची पोती आणि खडी घेऊन ट्रक एकामागं एक धावत. वळणावर बाभळींची दाटी, त्यामुळं पुढचं काही दिसत नसे.

एका सकाळी ब्रेक करकरले आणि काहीतरी धप्पकन आपटलं. आम्ही बाहेर आलो. एक हरणी डांबरावर पडली होती. मागचं अंग हलत नव्हतं, डोळे उघडे होते. तिचं पाडस बांधावर उभं राहून तिच्याकडं बघत होतं. ट्रक निघून गेला होता. थोड्याच वेळात वस्तीवरची माणसं कोयते घेऊन आली. आत्याबाई वाटेतून बाजूला झाल्या. "भुकेली हायत," एवढंच मला म्हणाल्या. दिवसभर त्या जेवल्या नाहीत. दुपारी त्यांनी जुन्या लाल लुगड्याचा धडपा फाडला आणि दिवस कलल्यावर तो हातात घेऊन उठल्या.

"कुठं निघाल्या?"

"सडकंवर. हरनं यायची येळ झाली."

माझे मालक फाट्यावर पंक्चरच्या दुकानात कामाला होते. ते नेमके तेव्हाच घरी आले. त्यांनी आईपुढं हात जोडले. "आई, बांधावरून हाक मार. सडकंवर नको जाऊ."

"हाकंनं ट्रक थांबते व्हय?" असं म्हणून त्या गेल्या.

तेव्हापासून रोज दोन्ही वेळा त्या सडकेच्या मधोमध उभ्या राहत, पण डोळे मिटून! दोन्ही हातांत धडपा उंच धरलेला, गुडघे लटलट कापताहेत, ओठांत 'बुद्धं सरणं' चाललेलं. ट्रक येताना दिसला तर आपण पळून जाऊ, याची त्यांना खात्री होती. कळपावर नजर ठेवायचं काम माझं. शेवटचं हरीण पार झालं की मी बांधावरून ओरडायचे, "गेली, आत्याबाई!" मग त्या डोळे उघडायच्या. त्या मधल्या वेळात माझ्या जिवाचं काय होत असेल, ते सांगता येत नाही. लांबून इंजिनाची घरघर आली की मी उरलेली हरणं मोजायचे. ड्रायव्हर कचकचून ब्रेक दाबत, शिव्या घालत. घरी आल्यावर आत्याबाईंना वांती व्हायची. मी त्यांची पाठ चोळायचे आणि त्या रोज म्हणायच्या, "उद्या मी न्हाईच जानार." उजाडायच्या आत पुन्हा लाल धडपा घेऊन दारात उभ्या असायच्या.

आणि मग ती संध्याकाळ आली. कळप निम्मा पार झाला होता. एक पाडस मधेच थांबलं. डांबरावर त्याचे खूर घसरत होते. बाभळींच्या पलीकडून ट्रक आला. त्याचा वेग बघूनच मला कळलं की हा थांबणार नाही.

"आत्याबाई, पळा!" मी किंचाळले.

त्यांनी डोळे उघडले. आधी मागं पाडसाकडं बघितलं, मग पुढं ट्रककडं. आणि त्या पळाल्या, पण ट्रकच्या दिशेनं, धडपा हलवत, तोंडानं काहीतरी ओरडत. ट्रक वाकडातिकडा झाला, सडक सोडून कडेच्या चारीत गेला आणि कुशीवर पडला. धुळीत मला काहीच दिसेना. आत्याबाईही दिसेनात. धूळ बसली तेव्हा त्या सडकेच्या कडेला दोन्ही हातांनी डोकं धरून बसलेल्या दिसल्या. पाडस गेलं होतं.

ट्रकमधून कण्हणं ऐकू येत होतं. पोती ओढून आम्ही दोघींनी आतल्या दोघांना बाहेर काढलं. ड्रायव्हर बाळापूरचेच एक चाचा होते. त्यांच्या कपाळातून रक्त वाहत होतं. क्लीनरचा हात मोडला होता. "अम्मा, पागल हो क्या? मर जाते ना हम!" चाचा ओरडले आणि ओरडता ओरडताच मटकन खाली बसले.

आत्याबाईंनी त्यांच्या जखमेवर तोच लाल धडपा बांधला. रात्री मला म्हणाल्या, "हरनापायी दोन लेकरं मारली असती मी. त्यायच्या माया बसल्या असतील ना वाट बघत." आजवर त्या ट्रकला भ्यायच्या. त्या रात्री त्यांना पहिल्यांदा स्वतःचीच भीती वाटली. दुसऱ्या दिवशी त्या सडकेवर गेल्या नाहीत. अंगात ताप भरला होता. बाहेर ब्रेक वाजला की आम्ही दोघी एकमेकींकडं बघायचो.

चार-सहा दिवसांनी चाचा स्वतःच आले. कपाळाला पट्टी, हातात कुऱ्हाड. आत्याबाई आत पळाल्या. चाचा दारातूनच म्हणाले, "अम्मा, डरो मत. तुमची जागा चुकली. वळणावर आमाला काय दिसते? अलीकडं उभे राहा, दुरून दिसलं पाहिजे." मग ते आणि माझे मालक मिळून वळणावरच्या बाभळी छाटायला लागले. मी दगडांना चुना फासला आणि ते सडकेच्या दोन्ही कडांना ओळीनं मांडले. फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलात चाचांनी येणाऱ्याजाणाऱ्या ड्रायव्हरांना सांगून ठेवलं, "बाळापूरच्या वळनावर आपली अम्मा रहती, बराबर चलो."

आत्याबाई पुन्हा उभ्या राहिल्या, आता वळणाच्या बऱ्याच अलीकडं. ट्रक लांबूनच हळू होत. कुणी हात हलवी, कुणी थांबून प्यायला पाणी देई. पण त्यांची भीती काही कमी झाली नाही. गुडघे तसेच कापत, घरी आल्यावर वांती तशीच होई. पुढं पाऊस पडला, माळावर पाणी साचलं आणि हरणं सडकेकडं यायची थांबली. त्या उन्हाळ्यात आमच्या वळणावर आणखी एकही हरीण ट्रकखाली गेलं नाही.

पुढं काही वर्षांनी त्या आजारी पडल्या. शेवटच्या दिवशी घरात लोक जमले होते. आत्याबाईंची नजर भिरभिरत होती, श्वास वरखाली होत होता. मी त्यांचा हात हातात घेतला. "भिऊ नका, आत्याबाई. आमी हाव ना."

"भिऊ दे गं मला," त्या हळूच म्हणाल्या. "तू नुसती बस इथं."

मी बसून राहिले.