बाभळीच्या सालीचा वास

माह्या बाबाची बरणी त्यांनी संडासाच्या दाराशी ठेवली. बाबालेही तिथंच स्टुलावर बसवलं.

अमरावतीच्या एका हॉलात गावोगावच्या वासांचं प्रदर्शन होतं. पुण्याच्या एक ताई ते भरवत होत्या. महिनाभर आधी त्या आमच्या तिवस्याकडच्या गावी आल्या होत्या. म्हनल्या, "तुमच्या वस्तीचा वास द्या. कोणताच वास वाईट नसतो."

बाबानं जन्मभर चामडं कमावलं. आंगनातल्या हौदात बाभळीची साल भिजायची, त्यात कातडं मुरायचं. शाळेत पोरी माह्या बाकावरून उठून जायच्या. मी हात घासून घासून सोलून घेतले होते. अन् आता तोच वास कोनी मागाले आलं होतं.

बाबा आठ दिवस खपले. साल कुटली, हिरडा टाकला, चामड्याचा तुकडा बुडवला. धुतलेला सदरा घालून, बरणी मांडीवर घेऊन एसटीत बसले.

हॉलात टेबलावर बरण्या होत्या. उदबत्तीची, धामणगावच्या सरकीची, संत्र्याच्या सालीची. आमचीही होती. पाहुने यायच्या आधी ताईनी ती उचलली.

"काहून?" मी इचारलं.

"मुख्य पाहुण्यांना मळमळेल हो. थोडाच वेळ. तिथे हवा खेळती आहे."

मी बाबाकडे पाह्यलं. ते कसंनुसं हसून राहिले होते. "जाऊ दे बाई," म्हनले, "वास तं येतेच."

बरणी संडासाच्या दाराशी गेली, बाबालेही तिथंच स्टुलावर बसवलं. लोक नाकाले रुमाल लावून जाऊन राहिले होते. एक जन बाबाले म्हनला, "काका, आत पाणी नाही."

बाबा उठले. नळ पाहाले गेले.

तवा मी हालली. बरणी उचलली, बाबाचा हात धरला. दारात ताई आडव्या आल्या.

"अहो, नेऊ नका. इथून हे प्रदर्शन पुण्याला जाणार आहे, तिथे लोकांना हीच सगळ्यात जास्त आवडेल."

"नाही देत."

"पण काकांचा फोटो काढलाय, तो लावायला त्यांनी फॉर्मवर अंगठाही दिलाय."

दिला होता. मले माहीत नव्हतं. बाबाले वाटलं, हजेरी हाये.

बरणी घरी आली. फोटो पुण्याले गेला. त्यातल्या बाबाले नाव नाही. खाली 'पारंपरिक कारागीर', बस.

तो फोटो तिथून हटवा म्हनून मी ताईले लिवलं. उत्तर नाही. पुन्हा लिवलं. बाबा म्हनतात, "सोड. आपलं कोन आयकते?"

कोनीच आयकत नाही. खरं हाये ते.

पन प्रदर्शन तिकडे अजून चालू हाये. मी पुण्याचं तिकीट काढलं. त्या फोटोसमोर उभी राहीन. येईल त्याले सांगीन, हा माहा बाप. ह्याले नाव हाये. ह्याले न इचारता इथं टांगलं. हाकलतीन तं हाकलतीन. बोलून झाल्याबिगर मी हालनार नाही.