शेवटच्या आठ सेकंदांची फाईल

आधीच सांगतो, आम्ही बौद्ध. भूत, भानामती, अंगात येणं... असलं काही कुणी घरात काढलं तरी बाबा रागवायचे. इथे ग्रुपवर असले अनुभव लिहिणाऱ्यांची मीही भरपूर खिल्ली उडवली आहे. आज माझी उडवा, हरकत नाही.

वरठीला स्टेशन रोडवर माझं ग्राफिक्सचं दुकान आहे. लग्न, वाढदिवस, श्रद्धांजली यांचे ॲनिमेटेड व्हिडिओ बनवतो. दादाला – माझ्या मोठ्या भावाला – हे काम कधी पटलंच नाही. तो कारखान्यात होता, मलाही तिथेच चिकटवायला निघाला होता. मी नाही म्हटलं, चारचौघांत तोंडातोंडी झाली, आणि बोलणं बंद. अंगण एकच, तरी दोन वर्षं. गेल्या हिवाळ्यात ड्युटीवर निघताना छातीत कळ आली आणि दादा गेला. बोलायचं राहूनच गेलं.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आमच्यातल्या श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमासाठी व्हिडिओ मीच बनवला. मेणबत्ती, गळणाऱ्या पाकळ्या, नाव... आणि शेवटी आठ सेकंद नुसता दादाचा फोटो. व्हॉट्सॲपवर सगळ्यांना पाठवायचा, म्हणून फाईल लहान हवी. फाईल दाबून लहान करायची, म्हणजे कंप्रेशन; यातलं गणित सोपं आहे – चित्रात जे हलतं, त्यालाच जागा लागते. स्थिर फोटो जवळजवळ फुकटात जातो.

फाईल चौपट मोठी आली. तपासलं, तर पाकळ्यांनी नेहमीइतकीच जागा घेतली होती. बाकी सगळी खाल्ली होती त्या शेवटच्या आठ सेकंदांनी! नुसता फोटो रेंडर केला, म्हणजे त्याचा वेगळा व्हिडिओ काढला – तेच. दादाच्या जागी माझा फोटो टाकला – फाईल एवढीशी. मग दादाच्या लागोपाठच्या दोन फ्रेम एकमेकींतून वजा केल्या. दोन्ही सारख्या असल्या की स्क्रीन पूर्ण काळी दिसते. दिसलीही काळी... फक्त ओठांपाशी एक करडी रेघ. पुढच्या फ्रेमला ती जरा वेगळी. चालवून पाहिलं, तर उघडझाप.

नाव-तारीख तपासायला वहिनी आल्या होत्या, शेजारीच बसलेल्या.

"हे तं बोलून राहिले," त्या हळूच म्हणाल्या.

"कंप्रेशनचा घोळ असन, वहिनी."

"तुमच्यासंगच बोलत असतीन. माह्यासंग बोलाचं काय राहिलं होतं, भाऊजी?"

त्या डोळे पुसत गेल्या. मी भ्यालो. खरं सांगायचं तर भीतीपेक्षा लाज जास्त होती – जिवंतपणी ऐकलं नाही, आता कोणत्या तोंडाने ऐकू? मग धंद्यातला माणूस करतो तेच केलं. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला किती तपशील ठेवायचा तो आकडा, पार तळाला नेला. तिथे बारीक हालचाल टिकत नाही, पुसून जाते. फाईल लहान झाली, चेहरा गुळगुळीत. मोठी फाईल डिलीट केली, तात्पुरत्या प्रती साठतात ती कॅशेही साफ केली. कार्यक्रमात लोकांनी व्हिडिओचं कौतुक केलं.

त्यानंतर तोच प्रोजेक्ट, तोच फोटो, त्याच पहिल्या सेटिंगवर कितीदा रेंडर केला, मोजलं नाही. फाईल जेवढी यायला हवी तेवढीच येते. वजाबाकी केली की स्क्रीन सगळी काळी. दोष फोटोत होता, सॉफ्टवेअरमध्ये होता, की आणखी कशात... मला आजही माहीत नाही. एवढंच कळतं की दोन वर्षांनी दादा आपणहून बोलायला आला होता, आणि मी त्याला गप्प केलं.

परवा वहिनींनी अंगणात विचारलं, "भाऊजी, ते त्या दिवशीचं ठेवलं असन ना सांभाळून? एकडाव मले दाखवा."

मी हो म्हटलं.